खोकला काढणारे शेठ

जळगावात ज्याला टोपणनाव पडलं नाही, त्याची गावाशी अजून नीट ओळखच झाली नाही असं खुशाल समजावं. दाणाबाजारातल्या पन्नालालशेठच्या मुलाला, निर्मलकुमारला, पडलेलं नाव होतं ‘खोकला काढणारे शेठ’. बाहेरगावचा माणूस हे नाव ऐकून भलत्याच आशेनं यायचा. एकदा पिंपळनेरकडचे एक आबा छातीला हात लावून दुकानाच्या पायरीवर बसले ते उठेचनात. निर्मलकुमारनं त्यांना चहा पाजला, दवाखान्याची वाट दाखवली आणि हात जोडून सांगितलं, “आबा, मी माणसाचा खोकला काढत नाही. टेपमधला काढतो.” आबांना त्यातलं काही कळलं नाही. चहा बरा होता म्हणाले आणि गेले.

गोष्ट साठ सालानंतरची. पन्नालालशेठचं घराणं मूळचं मारवाडातलं, पण तीन पिढ्या खानदेशात मुरलेलं. घरात मारवाडी, बाजारात मराठी आणि हमालांशी अहिराणी, असा त्यांचा कारभार. धंदा रुईचा. निर्मलकुमार बापाशेजारी गादीवर बसायचा, रुईची प्रत बोटांनी चोळून सांगायचा, पण त्याचे कान सदा दुसरीकडे. मुंबईला सौद्यासाठी म्हणून गेला आणि परत आला तो एका मोडीत निघालेल्या कंपनीकडून जर्मन बनावटीचा टेपरेकॉर्डर घेऊन. आता टेपरेकॉर्डर म्हटलं की खिशात मावेल असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. हा ट्रंकेएवढा होता. वर थाळीएवढी दोन चाकं, एका चाकावरची तपकिरी फीत दुसऱ्यावर गुंडाळली जायची आणि वाटेत आवाज टिपून घ्यायची. आत काचेचे व्हॉल्व्ह, ते तापायला वेळ लागे. पन्नालालशेठनी त्या धुडाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “हे खातं काय?”

“वीज, बाबूजी.”

“आणि दूध किती देतं?”

यंत्र घरात वाजवायचं नाही असं ठरलं आणि ते स्टेशनकडच्या गोदामात गेलं. ही शिक्षाच होती, पण पोराचं नशीब बघा. गोदामात रुईच्या गाठी छताला लागतील अशा रचलेल्या होत्या आणि मधे एका खोलीएवढी जागा मोकळी होती. निर्मलकुमारनं तिथे उभं राहून सहज टाळी वाजवली. टाळी परत आली नाही. घरात बोललं की भिंती उत्तर द्यायच्या, ताटं-वाट्या खणखणायच्या. इथे आवाज तोंडातून निघाला की तेवढाच, स्वच्छ, कोरा राहायचा. मुंबईच्या लोकांनी भिंतींना काय काय महागाचं चिकटवून जे साधलं होतं, ते कापसानं आयतं करून ठेवलं होतं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं सुपडूला मिठी मारली. सुपडू हा गोदामाचा जुना हमाल, मेहरूणचा. तो घाबरला.

पन्नालालशेठनी दोन अटी घातल्या. एक, यंत्र पत्र्याच्या परातीत ठेवायचं आणि शेजारी वाळूच्या बादल्या. तापलेली काच आणि रुई हा काही शेजार नव्हे. दुसरी, गाठींचा सौदा झाला की गाठी निघणार, मग आत कोणी का गात असेना. दुसऱ्या अटीनं मोठी गंमत व्हायची. दिवाळीनंतर गाठी येऊ लागत, स्टुडिओ उभा राही. भाव चढले की गाठी जात आणि स्टुडिओच्या भिंती मालगाडीत बसून मुंबईच्या गिरणीला रवाना होत. एकदा नरडाण्याचं भजनी मंडळ आत गात असताना सौदा पटला आणि सुपडूनं निम्मी भिंत गाडीवर चढवली. त्या भजनाचा पहिला अर्धा भाग खोलीत आणि दुसरा विहिरीत म्हटल्यासारखा ऐकू येतो. मंडळाच्या लोकांना दुसराच जास्त आवडला, ते सोडा.

ध्वनिमुद्रण करायचं ते अमावास्येला, दुपारी. अमावास्येला बाजार बंद, शेजारचे सरकी काढायचे जिन बंद, बैलगाड्या नाहीत, हमालांच्या आरोळ्या नाहीत. मग रुईच्या गाठीत हमाली आकडा खुपसायचा, त्या आकड्याला माइक टांगायचा, गाणाऱ्याला खाली घोंगडीवर बसवायचं. यंत्रावर एक हिरवा दिवा होता, त्याला निर्मलकुमार हिरवा डोळा म्हणायचा. आवाज वाढला की तो डोळा मिटत येई. पूर्ण मिटला की आवाज फाटला. एका हातानं बटण फिरवत तो डोळा सांभाळायचा, आणि दुसऱ्या हातानं गाणाऱ्याला पुढे ये, मागे जा अशा खुणा करायचा.

सगळं उत्तम होतं, एक गोष्ट सोडून. ज्या कापसानं आवाज सुंदर व्हायचा, तोच कापूस घशात जायचा. तंतू तरंगत असत. दोन कडवी झाली की गाणारा खोकलाच. मंडळी खोकून खोकून लाल व्हायची. सारखं पहिल्यापासून गायला कोणाच्या अंगात त्राण? म्हणून निर्मलकुमार खोकला कापायला शिकला.

हे काम बघायला लोक मुद्दाम यायचे. तो यंत्राची चाकं हातानं पुढे-मागे हलवायचा. फीत हळू सरकली की माणसाचा आवाज म्हशीसारखा येतो. त्या हंबरण्यातून खोकला नेमका कुठे सुरू होतो ते शोधायचं. त्यासाठी तोच इंचभर तुकडा पुन्हा पुन्हा, पुढे-मागे, पुढे-मागे. मग तिथे मेणाच्या पिवळ्या पेन्सिलीनं खूण, खोकला संपतो तिथे दुसरी, आणि ब्लेडनं तिरका छेद. सरळ कापलं तर सांध्यावर ‘टक्’ वाजतं, तिरकं कापलं तर एक सूर दुसऱ्यात मिसळून जातो. मधला तुकडा टोपलीत, दोन टोकं पाठीमागून चिकटपट्टीनं जोडायची. झालं. माणूस खोकलाच नव्हता. फितीच्या दुसऱ्या बाजूला काही भरलं तर तेही कापलं जाई, म्हणून ती बाजू कोरी सोडायची. यावरून पन्नालालशेठचा जीव तुटायचा. “अर्धी फीत उपाशी,” ते म्हणायचे.

हात असा बसला की जिल्हा परिषदेच्या एका उमेदवाराचं भाषण त्याच्याकडे आलं. उमेदवार दर वाक्याला ‘आपलं हे’ म्हणायचे. निर्मलकुमारनं सगळे खोकले आणि सगळी ‘आपलं हे’ काढली. भाषण निम्मं उरलं. लोकांना वाटलं, फारच मुद्देसूद माणूस. तरी पडले ते, पण त्याला निर्मलकुमार काय करणार? नाव मात्र तेव्हापासून पडलं.

आता जीजीबद्दल सांगायला हवं, कारण निर्मलकुमारचं आयुष्य या यंत्राभोवती फिरलं असं लोक म्हणतात ते खरं नाही. ते जीजीभोवती फिरलं.

सायरबाई ही त्याची मोठी बहीण. घरात सगळे तिला जीजी म्हणत. लग्न लहानपणी झालं आणि संसार सुरू होण्याआधीच संपला. ती माहेरी परत आली. त्याच सुमारास आई गेली आणि मागे तान्हा निर्मलकुमार राहिला. त्याला जीजीनं वाढवलं. न्हाऊमाखू घालणं, दुखण्यात उशाशी बसणं, शाळेत मार खाऊन आला की मास्तरांकडे जाऊन भांडणं, सगळं तिनं. बाजारात तो निर्मलशेठ झाला, बाबूजी त्याला निर्मल म्हणत, बायको सज्जनबाई अहो म्हणे. ‘निम्या’ म्हणणारं एकच माणूस जगात होतं. आणि ती ‘निम्या’ म्हणायची तेही साधं नाही. सुरुवातीला ओढून, शेवटी तोडून, हाक आणि दटावणी एकदमच. दोन पोरांचा बाप झाला तरी ती हाक ऐकली की निर्मलकुमारचा हात आपोआप सदऱ्याची बटणं चाचपायचा.

जीजी स्तवनं गायची. पहाटे दळताना, निवडताना, कोणाला झोपवताना. आवाज बारीक पण आतून भरलेला. त्यांचं घराणं स्थानकवासी जैन. चातुर्मासात गावात साध्वी आल्या की जीजी दिवस-दिवस स्थानकात, म्हणजे त्या उतरत त्या धर्मस्थानात, असे. एका माघात तिनं बापाला शांतपणे सांगितलं, “बाबूजी, मला दीक्षेची आज्ञा द्या.”

घरच्यांच्या आज्ञेशिवाय दीक्षा होत नाही. पन्नालालशेठनी तीन वेळा नाही म्हटलं, चौथ्या वेळी रडत हो म्हटलं. फाल्गुनातला मुहूर्त निघाला.

दीक्षा म्हणजे काय हे निर्मलकुमारला कोणी समजावून सांगायला नको होतं. साध्वीला घर नसतं, नातं नसतं. ती पायी गावोगाव फिरणार. समोर आली तर ‘दया पालो’, म्हणजे जिवांवर दया ठेवा, एवढंच म्हणणार, जसं कोणालाही म्हणेल तसंच. आणि आणखी एक गोष्ट, जी फक्त त्याच्याच जिव्हारी लागणारी होती. विजेत अग्नीचे जीव असतात, त्यांची हिंसा होते, म्हणून त्यांच्या साध्वी माइकसमोर बोलत नाहीत, यंत्रात आवाज देत नाहीत. म्हणजे फाल्गुनानंतर गावातल्या ऐऱ्यागैऱ्याचा खोकला त्याच्या फितीवर असेल, पण जीजीचा आवाज कधीच नसेल. जे काही टिपायचं ते आता.

त्यानं चाचरत विचारलं. वाटलं होतं, नाही म्हणेल. जीजीनं डाळ निवडता निवडता ऐकून घेतलं. म्हणाली, “अजून मी घरातलीच आहे. एवढं पाप माझ्या नावावर लाव. पण एकदाच हं.”

माघी अमावास्येला दुपारी तिघं गोदामात गेली. जीजी, सज्जनबाई आणि तो. त्या साली सुदैवानं भाव पडलेले होते, गाठी छतापर्यंत होत्या. जीजीनं परातीतलं यंत्र पाहिलं, वाळूच्या बादल्या पाहिल्या आणि आकड्याला टांगलेल्या माइककडे पाहून म्हणाली, “निम्या, यानं चावलं तर?” सज्जनबाई पदरात तोंड लपवून हसली. निर्मलकुमारनं यंत्र तेव्हाच सुरू केलं होतं. मधेमधे बंद-चालू केलं की फितीवर ‘टक्’ येतं, म्हणून ते शेवटपर्यंत चालूच ठेवायचं, ही त्याची पद्धत होती.

जीजी गायली. गाताना डोळे मिटले. खोकला आला, पाणी प्याली, काही बोलली, हसली, पुन्हा गायली. तो डोळा सांभाळत होता, हातवारे करत होता, मधेच ती त्याच्या हातवाऱ्यांवर काही बोलत होती. फीत संपत आली तेव्हा ती थांबली. निर्मलकुमारला वाटलं, आपण जन्मात एक तरी काम चांगलं केलं.

आणि मग त्यानं ते काम आणखी चांगलं केलं. इथेच सगळा घोटाळा झाला.

दीक्षेआधी समाजाचं जेवण होतं. त्यात जीजीची स्तवनं वाजवायची असं पन्नालालशेठनी ठरवलं. गावोगावचे लोक येणार, लोकांसमोर बहिणीचा आवाज जाणार, तर तो लखलखीत हवा की नको? निर्मलकुमार चार दुपारी गोदामात बसला. खोकला काढला. पाण्याच्या भांड्याचा आवाज काढला. बोलणं काढलं, हसणं काढलं, घसा खाकरणं काढलं. हात सवयीनं चालत होता. पिवळी खूण, तिरका छेद, टोपली. जेवणाच्या दिवशी मांडवात स्तवनं वाजली आणि माणसं घास हातात धरून ऐकत राहिली. एका स्तवनातून दुसरं असं निघत होतं की जीजीनं मधे श्वासही घेतला नसावा. नव्वदीच्या एका काकांनी निर्मलकुमारला जवळ बोलावून पाठीवर हात फिरवला. त्या दिवशी त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दीक्षा झाली. वरघोडा, म्हणजे दीक्षेची मिरवणूक, निघाला, बाजार बंद राहिला, केस उतरले, पांढरी वस्त्रं आली, नवं नाव मिळालं. ते नाव निर्मलकुमारच्या तोंडात कधी बसलं नाही. तो सगळ्या साध्वींना म्हणतात तसं ‘महासतीजी’ म्हणायचा. गर्दीत त्याच्याजवळून जाताना त्यांनी नजर खाली ठेवून ‘दया पालो’ म्हटलं आणि पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा पायी विहार पूर्वेकडे निघाला. निर्मलकुमार गावाच्या वेशीपर्यंत चालत गेला आणि परत येऊन दुकान उघडलं.

घर ओस पडलं होतं. वैशाखात एका दुपारी त्याला राहवेना, म्हणून यंत्र घरी आणून त्यानं फीत लावली. पन्नालालशेठही आता काही बोलत नव्हते, उलट तेच पुढे येऊन बसले. जीजी गायली. एक स्तवन, दुसरं, तिसरं. बाबूजींचे डोळे वाहत होते. फीत संपली, चाक रिकामं फिरू लागलं. सज्जनबाई दाराशी उभी होती. ती सहज म्हणाली, “अहो, यात त्या तुम्हाला हाक मारत होत्या ना? निम्या, निम्या म्हणून? ते कुठे गेलं?”

निर्मलकुमारनं चाक थांबवलं. पायांत चपला सरकवून उन्हात निघाला तो थेट गोदामावर.

टोपली रिकामी होती. सुपडू ओट्यावर बसून तंबाखू मळत होता.

“सुपडू, टोपलीतल्या फितीचे तुकडे कुठे आहेत?”

“त्या तपकिरी चिंध्या का, शेठ?” सुपडू म्हणाला. “त्या बठ्ठ्या मी वावरमा लई गऊ. दादरवर पाखरं उडाडाले बेस शेतस. वारामा फडफड करतस ना!”

दादर म्हणजे खानदेशातली रब्बीची ज्वारी. कणसं भरली की पाखरांचे थवे उतरतात, आणि फितीचा चकचकीत तुकडा दोरीला बांधला की तो वाऱ्यानं फडफडतो, गुणगुणतो. सुपडूनं काही चोरलं नव्हतं, टाकलेलं उचललं होतं. निर्मलकुमार त्याला घेऊन मेहरूणला गेला. दादर केव्हाच कापून झालेली. बांधावरच्या बाभळीला, काट्यांत, काही तुकडे अजून लोंबत होते. खानदेशातलं वैशाखाचं ऊन ज्यानं खाल्लं आहे त्याला पुढचं सांगायला नको. फीत वळून, वाळून, पापडासारखी झाली होती. हात लावला की मोडायची. तरी त्यानं जेवढे निघाले तेवढे तुकडे रुमालात बांधले. तोवर सुपडूला हळूहळू काय ते कळलं होतं. त्याचा चेहरा पडला.

“माले काय म्हाईत शेठ,” तो म्हणाला, “त्यामा अक्काना आवाज शे म्हनीसन! मी पाखरं उडाडी राहींतू.”

“तुझी काही चूक नाही,” निर्मलकुमार म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं होतं.

घरी येऊन त्यानं तुकडे पाण्याच्या पट्टीनं मऊ केले, दाबून सरळ केले, सांधले. यंत्रावर चढवताच ते तुटले. एकच लांबसर तुकडा पार गेला. त्यातून चरचर आली. बस.

त्यानंतर तो ती स्तवनांची फीत फारशी लावत नसे. लावली तरी दोन स्तवनांच्या मधे कान टवकारायचा. वाटायचं, एखादा सांधा कच्चा राहिला असेल, एखादं ‘नि’ तरी निसटलं असेल. सांधा कळतच नव्हता. एवढं सफाईचं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं, आणि त्या सफाईचा त्याला मनस्वी राग यायचा. गाणारी बाई सगळ्यांची होती. घरातल्या माणसाला हाक मारणारी बाई त्यानं स्वतःच्या हातानं कापून टोपलीत टाकली होती. यापुढे त्यानं लोकांचे खोकले काढणंही कमी केलं. “राहू द्या की,” म्हणायचा, “माणूस आहे, खोकणारच.” गिऱ्हाइकांना वाटलं शेठ आळशी झाले.

वर्षं गेली. जीजीचा संघ विदर्भ, मराठवाडा, राजस्थान असा फिरत राहिला. बाबूजी वारले. पुढे कापसाची खरेदी सरकारनं आपल्याकडे घेतली, खाजगी व्यापार बसला आणि गोदाम रिकामं झालं. त्यासरशी स्टुडिओही गेला. चार उघड्या भिंतींत कोण गाणार? निर्मलकुमारनं बी-बियाण्यांचं दुकान टाकलं. त्याची कानशिलं पांढरी होऊ लागली. त्या दरम्यान बातमी आली की महासतीजींचा चातुर्मास यंदा धुळ्याला आहे.

तो लगेच गेला नाही. आठवडाभर आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिला. शेवटी पर्युषणाच्या अखेरच्या दिवशी, संवत्सरीला, सज्जनबाईला घेऊन धुळ्याला पोचला. त्या दिवशी कडक उपवास, आणि दुसऱ्या दिवशी क्षमापना. वर्षभरात मन-वचन-कायेनं कोणाला दुखावलं असेल तर क्षमा मागायची. लोक एकमेकांसमोर हात जोडतात, ठरलेले शब्द म्हणतात आणि पुढच्याकडे वळतात. कशाबद्दल ते कोणी विचारत नाही. दोन भाऊ कोर्टात भांडत असले तरी त्या दिवशी हात जोडून मोकळे होतात. त्या दिवशी सकाळी सगळ्यांनी उपवास सोडला, निर्मलकुमारनं मात्र दुपार झाली तरी पारणं केलं नव्हतं. सज्जनबाई सकाळपासून दोनदा म्हणाली, “दोन घास तरी.” तो म्हणाला, “आधी तिकडे जाऊ.”

स्थानकात रांग होती. वृद्ध गुरुणीजी पाटावर, शेजारी महासतीजी. कृश झाल्या होत्या. तोंडावर पांढरी मुखपट्टी, त्यामुळे चेहऱ्यावरचे डोळेच काय ते दिसत होते. निर्मलकुमारनं वंदन केलं, ठरलेले शब्द म्हटले. त्यांनी हात उंचावला. “दया पालो.” त्यांनीही सर्वांची मागतात तशीच त्याची क्षमा मागितली. आता बाजूला व्हायला हवं होतं. तो तिथेच उभा राहिला.

“माझी एक क्षमा राहिली आहे,” तो म्हणाला.

“कशाची?” त्यांनी विचारलं. क्षमापनेला हा प्रश्न कोणी विचारत नाही. मागचे लोक कान देऊ लागले.

त्यानं सांगितलं. मांडवात वाजलेली फीत, चार दुपारी, ब्लेड, टोपली, सुपडूचं वावर, बाभूळ. “आपण दिलेलं मी अर्धंच ठेवलं. जे ठेवायला हवं होतं तेच कापलं.”

महासतीजींनी विचारलं, “काय कापलंत ते तरी आठवतं का?”

निर्मलकुमार उत्तर द्यायला लागला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. त्याला सगळं आठवत होतं. आठवणारच. जे ठेवलं ते त्यानं कापताना नुसतं सरळ वाजू दिलं होतं. जे कापलं, त्याच्या कडा शोधायला तो तेच तेच शब्द हातानं चाक फिरवून पुढे-मागे, पुढे-मागे ऐकत बसला होता. कापलेलंच तर त्याच्या कानात कोरलं गेलं होतं. इतकी वर्षं तो ते बाभळीवर शोधत होता.

तो सांगू लागला. कुठल्या कडव्यानंतर खोकला आला, मग भांडं कसं वाजलं, मग त्या काय म्हणाल्या. “तुझा कापूस गेला माझ्या घशात, म्हणालात. मग मी हात हलवला तर, माशा मारतोस का, म्हणालात. मग, हे स्तवन म्हटलं की तू झोपायच्या ऐवजी उठून बसायचास, म्हणालात, आणि हसलात.” तो बोलत होता आणि सज्जनबाई डोळे पुसत होती. गुरुणीजीही ऐकत होत्या; त्यांनी थांबवलं नाही. “आणि अगदी शेवटी,” तो म्हणाला, “फीत संपता संपता, म्हणालात, झालं ना? मग बंद कर ते, आणि दिवस मावळायच्या आत जेवून घे.”

महासतीजींनी मान हलवली.

“असं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही प्रत्येक वाक्यातला एक शब्द अजूनही कापताय, श्रावकजी.”

निर्मलकुमारचा चेहरा उतरला. भरल्या स्थानकात, गुरुणीजींसमोर, एवढ्या मोठ्या साध्वीच्या तोंडी तो शब्द घालायचा कसा, म्हणून त्यानं तो गाळला होता. ते त्यांनी ओळखलं होतं.

“आजच्या दिवशी खोटं ऐकून घेऊन मी गप्प बसले तर तो दोष माझा,” त्या म्हणाल्या. मग सावकाश, पण तसंच, सुरुवातीला ओढून आणि शेवटी तोडून, त्यांनी ते वाक्य दुरुस्त केलं.

“मी म्हणाले होते, ‘निम्या, झालं ना? मग बंद कर ते, आणि दिवस मावळायच्या आत जेवून घे.’”

लगेच ‘दया पालो’ म्हणून त्या रांगेतल्या पुढच्या बाईकडे वळल्या. निर्मलकुमार बाहेर येऊन स्थानकाच्या पायरीवर बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर लहान पोरासारखा रडला. सज्जनबाईनं त्याला रडू दिलं. थोड्या वेळानं त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं, पश्चिमेकडे बघून ऊन किती उरलंय ते पाहिलं, आणि उठून म्हणाला, “चल, आधी जेवून घेऊ.”